मोठ्या सरांचा कॉम्प्युटर उठत नाही

आमच्या शाळेतला कॉम्प्युटर कधी बंद पडला नाही. तो ‘बसायचा’. चालू झाला की ‘उठायचा’, आणि संध्याकाळी त्याला ‘निजवायचं’ असायचं. हे शब्द मोठ्या सरांचे. त्यांच्यासमोर चुकून ‘बंद करू का?’ म्हटलं, की सुतकाच्या घरी जाऊन पेढे मागितल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहायचे.

मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. साखरा गावाच्या अलीकडे एका तांड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा, चार वर्ग आणि दोन शिक्षक. एक ते आणि एक मी. म्हणजे भांडायला तिसरं माणूस नाही आणि भांडण सोडवायलाही नाही. मी हिंगोलीहून नरसीवरून स्कूटीनं यायची. ते पुसेगावहून मोटारसायकलवर यायचे, आणि ती इतकी हळू चालवायचे की वाटेतल्या शेळ्या त्यांना मागे टाकायच्या. खांद्यावर पंचा, खिशात दोन पेनं आणि पेनांच्या शेजारी स्क्रू काढायचा एक पेचकस. त्या पेचकसानं त्यांनी काही उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तो नुसता शोभेचा, असं तेव्हा वाटायचं.

कॉम्प्युटर ऑफिसच्या कोपऱ्यात असायचा. त्याच्यावर सत्कारात मिळालेली शाल. ऑफिसची किल्ली सरांच्या करदोड्याला. चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, शाल काढून घडी करायची, बटण दाबायचं आणि दोन पावलं मागे सरून उभं राहायचं. पडदा उजळेपर्यंत बोलायचं नाही. मी घाईत माऊसला हात लावला की मागून आवाज यायचा, “दमानं घ्या, बाई. झोपेतून उठून राहिला तो.”

उन्हाळ्यात ते खिडकीला ओलं पोतं बांधायचे. मला वाटलं, आपल्यासाठी. पहिल्या वर्षी मी आभारसुद्धा मानले. “तुमच्यासाठी न्हाई वं,” ते म्हणाले, “त्याला तकलीफ व्हती उन्हाची.” पत्रा गळायला लागला की माझ्या वर्गातली लेकरं पाटीखाली डोकं धरून बसायची आणि ऑफिसातली एकमेव छत्री कॉम्प्युटरवर उघडलेली असायची. मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, “लेकरं हालतेत, बाई. त्याला हालता येत न्हाई.”

एकदा तपासणीला एक साहेब आले. मोठ्या सरांनी त्यांनाही दारात थांबवलं. “बूट काढा, साहेब.” साहेबांचा मोजा अंगठ्यापाशी फाटलेला होता. तो झाकत झाकत ते आत आले, खुर्चीत बसले आणि खिशातून पेनड्राईव्ह काढून मशीनला लावला. साहेब गेल्यावर बघतो तर आमची सगळी फोल्डरं नाहीशी आणि त्यांच्या जागी नुसती बाणाची चित्रं. हिंगोलीहून दुरुस्तीवाला बोलवावा लागला. त्यानं मशीन साफ करून दिलं. मोठे सर दुसऱ्या दिवशी एम-सीलचं पाकीट घेऊन आले आणि पेनड्राईव्ह लावायच्या साऱ्या जागा त्यांनी लिंपून टाकल्या, पुढच्या आणि मागच्याही. कीबोर्ड आणि माऊस जुन्या गोल पिनांचे होते म्हणून वाचले. “आता बाहेरचं काई आत जात न्हाई,” ते समाधानानं म्हणाले. आतलंही काही बाहेर येत नाही, हे त्यांच्या लेखी अडचणीचं नव्हतंच.

माझ्या लेखी होतं. कारण माझं पुस्तक आत होतं.

हे पुस्तक म्हणजे काय, ते सांगते. तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पहिलीत येतात आणि पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे पुण्याची मराठी येऊन पडते. चित्र भाकरीचं, खाली लिहिलेलं भाकरी, आणि लेकराच्या घरी तिला म्हणतात बाटी. मग ते लेकरू गप्प बसतं. शीतल नावाची एक पोरगी पहिलीत होती. जूनपासून ती शाळेत एक शब्द बोलली नव्हती. शाळा सुटली की रस्त्यावर पाखरासारखी बडबडायची. दारातून आत पाय टाकला की तोंड बंद. तिच्याआधीही असं एकेक लेकरू दर वर्षी निघायचंच, आणि त्यांतली काही चौथीपर्यंत तशीच गप्प राहून शाळेतून गळून गेलेली मी पाहिली होती.

म्हणून तीन वर्षं मी चित्रांचं पुस्तक करत होते. वर चित्र, त्याखाली गोरमाटी शब्द, त्याखाली मराठी. शब्द तांड्यावरच्या बायांकडून विचारून घेतलेले, चित्रं माझी. एकदा हिंगोलीत टायपिंगवाल्याकडे काही पानं दिली, तर त्या शहाण्यानं सगळे गोरमाटी शब्द चुका समजून सुधारून दिले. घरी माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता. मग राहिला कोण? तो, शालीतला. रंगवलेली चित्रं हिंगोलीहून सीडीवर आणून मी त्यात घालायची; तो सीडी वाचायचा, लिहायचा मात्र नाही. रोज शाळा सुटल्यावर मी त्याच्यापुढे हात धुऊन बसायची आणि मोठे सर मागे उभे. पेनड्राईव्हचं काय करायचं, असं विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर: “काम पुरं होऊ द्या. एक जागा फोडून देतो. शब्द हाय माझा.”

पोळ्याच्या आधी काम पुरं झालं. केंद्रप्रमुखांनी केंद्रातल्या साऱ्या तांड्यांच्या शाळांसाठी पुस्तक छापून घ्यायचं कबूल केलं, हिंगोलीतली प्रेसही ठरवली. फक्त अट अशी, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत ते प्रेसवर पोचलं पाहिजे. त्यानंतर प्रेसवाला गणपतीची पावतीपुस्तकं आणि पत्रकं हाती घेणार होता, मग देवीची, मग दिवाळीची. आत्ता राहिलं म्हणजे शीतलचं पहिलीचं वर्ष गेलं. मी सरांना म्हटलं, जागा आजच फोडा. तर म्हणे, “पोळा होऊ द्या, बाई. सणाच्या तोंडावर हत्यार चालवू नये.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळा भरायच्या आधीच पोचले. चपला काढल्या, हात धुतले, शाल काढली, बटण दाबलं. पंखा घुमला. दिवा लागला. पडदा काळा. आणि आतून लांबलचक शिट्टी, मग थोडं थांबून पुन्हा शिट्टी.

“सर, हा उठत नाही.”

“दमानं घ्या.”

मी दम घेतला. पडद्याची वायर काढून परत लावली. प्लग दुसऱ्या भिंतीत लावला. बटण धरून ठेवलं, सोडलं. मोबाईलवर कोणाला विचारावं तर रेंज फक्त मागच्या टेकडीवर. तिथे धावत गेले. हिंगोलीचा दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, “मॅडम, शिट्टी मार रहा है ना? रॅम का लफडा है. खोल के देखो, पट्टी निकाल के रबर से घिसो.” धावत खाली आले. मोठे सर खुर्चीत बसून मशीनकडे बघत होते, दवाखान्यात पेशंटजवळ बसतात तसे.

“सर, परवा मी गेले तेव्हा तर नीट होता.”

“काल बी बराबर व्हता,” ते म्हणाले.

“काल? काल तर पोळ्याची सुट्टी होती.”

“व्हय,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

तिथेच मला संशय यायला हवा होता. पण घड्याळ पुढे पळत होतं आणि मला पेचकस पाहिजे होता.

“पोटात हात घालू नका त्याच्या,” सर म्हणाले.

“सर, त्याशिवाय कळणार कसं?”

“जरा वेळ द्या. वीज कडक येऊन राहिली आज. आपोआप उठंल.”

“आपोआप? सर, मागं असाच बसला म्हणून दुरुस्तीवाला पुन्हा बोलावला, तेव्हा आपोआप उठला होता का? त्यानं खोलून ती पट्टी घासली होती ना? तुमीच तर दिवा धरून उभे होते!”

“त्याचा हात सराईत हाय. तुमचा हात रागाचा हाय.”

आता मात्र मी खिचडी वाढायचा मोठा चमचा घेऊन आले आणि त्याच्या दांड्यानं मागचा स्क्रू फिरवायला लागले. मोठे सर ताडकन उठले. “चमच्यानं न्हाई, बाई! घाव पडंल!” आणि अखेर तो पेचकस त्यांच्या खिशातून बाहेर आला. मी आधी विजेची वायर काढली, मग कडेचा पत्रा.

आत पिवळं होतं.

हिंगोलीकडच्या माणसाला हळद ओळखायला वेळ लागत नाही. घरची, चांगली दळलेली हळद. तिच्यात तूप कालवलेलं. तो लेप सगळीकडे नव्हता, अगदी मोजक्या जागी होता. रॅमची पट्टी ज्या कडेनं खोबणीत बसते, नेमकी ती सोनेरी कड हळदतुपानं माखलेली. खोबणीत तूप भरलेलं. आणि त्या तुपावरून मुंग्यांची रांग निघून वरच्या सीडीच्या खणात जात होती. मी तो खण सुई घालून बाहेर ओढला. ज्या ताटलीत सीडी ठेवायची, त्या ताटलीत पुरणपोळीचा चतकोर होता.

मी सरांकडे बघितलं. सरांनी पंच्यानं तोंड पुसलं.

“खांदेमळणी केली परवा सांजच्याला,” ते म्हणाले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. वर्षभर जू वागवून खांदा दुखतो, म्हणून. आणि त्याला आमंत्रण देतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. ही खांदेमळणी बैलाची असते. बैलाची.

“कोणाची खांदेमळणी, सर?”

“तो दुरुस्तीवाला पट्टी घासून गेला, तवाच ध्यानात आलं माझ्या. खोबणीत बसते तीच जागा दुखती. जू बसतं तसं.” ते अगदी वर्गात समजावून सांगावं तसं सांगत होते. “त्यानं कोरडंच घासलं. कोरडं कशाला? म्हणून जरा तूप लावलं.”

“आणि पोळी?”

“पोळ्याच्या दिशी उठवला, शिट्टी मारली त्यानं, म्हणलं खुशीत हाय. ताटलीचं बटण दाबलं, तोंड उघडलं. घास दिला. मिटलं. पडदा न्हाई लावला, सणाच्या दिशी काम घेत न्हाई आपण.”

“मी सकाळपासून इथे वायरी उपसून राहिले! टेकडीवर पळून राहिले! तेव्हा काहून बोलले न्हाई तुमी?”

“तुमी इचारलं कुठं?”

मी ज्या घरात वाढले तिथे मोठ्या माणसांना उलटून बोलत नाहीत. त्या दिवशी मी बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. पहिली आणि दुसरीचा वर्ग दारात जमा झाला, त्यात शीतलसुद्धा डोळे मोठे करून उभी. एवढ्या बोलण्यात मी चौथीच्या एका पोराकडून खोडरबर मागून घेतलं, औषधाच्या पेटीतून स्पिरिट काढलं, चित्रं रंगवायचा माझा ब्रश त्यात बुडवला आणि ती खोबण घासत बसले. मुंग्या चावत होत्या. मोठे सर शेजारी बसून फुंकर घालत होते, मुंग्यांना की कॉम्प्युटरला, कोण जाणे.

पट्टी कोरडी करून परत बसवली. वायर लावली. बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी झाली आणि पडदा उजळला.

पुस्तक जागेवर होतं. मी पानं वरून खालपर्यंत फिरवून पाहिली. प्रेस गाठायला अजून वेळ होता, पण फार नाही.

“सर, आता जागा फोडा.”

मोठ्या सरांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “आज न्हाई, बाई. आत्ताच आजारातून उठलाय. उद्या देतो, बराबर.”

आतापर्यंतचा राग काहीच नव्हता म्हणायचा. “उद्या प्रेस न्हाई, सर! उद्या काहीच न्हाई! लेकरांचं वर्ष आहे हे! आणि तुमी कोण ठरवणारे? हा काय तुमच्या घरचा कॉम्प्युटर हाय?”

“व्हय,” ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही. पण कळला होता. ते जमिनीवर बसले होते आणि कडेचा पत्रा मांडीवर घेऊन पंच्यानं पुसत होते. वर न बघता बोलले.

“साहेब लोकांकडं लई वर्षं मागून राहिलो मी. यादीत नाव हाय म्हणायचे. चौथीच्या पुस्तकात ह्याचं चित्र व्हतं. मी ते फळ्यावर काढून शिकवायचो. परीक्षेत लेकरांनी काय लिवलं ठाऊक हाय? कॉम्प्युटर फळ्यावर असतो. समद्यांनी तेच लिवलं, बाई. चूक कशी देऊ? मंग जोडी विकली. पांढरी जोडी व्हती. हिंगोलीच्या बाजारात विकली आन् हा आणला.”

“आणि शाळेत सांगितलं, गावानं वर्गणी करून दिला म्हणून.”

“हेडमास्तरानं सोता घेतला म्हणलं असतं तर सतरा कागद मागितले असते. घरी म्हणलं, आता भाड्याचा ट्रॅक्टर सांगू.” त्यांनी पत्रा उलटा केला. “बाकी काई न्हाई. पोळ्याच्या दिशी घरी बसवत न्हाई. समदे आपापली जोडी घिऊन वेशीत जातेत. दावण रिकामी. मंग मी इकडं येतो.”

अशा वेळी माझा राग उतरला असं लिहायची पद्धत आहे. माझा उतरला नाही. उलट आणखी चढला. इतकी वर्षं हा माणूस मला छत्रीवरून, पोत्यावरून, शालीवरून छळत होता, मी त्याला वेडा समजत होते, आणि एक वाक्य आधी बोलला असता तर काय बिघडलं असतं? मी तसं म्हणालेही.

“म्हणलं असतं तर तुमी त्याला हात लावायला लाजल्या असत्या,” मोठे सर म्हणाले. “मंग पुस्तक कुणी केलं असतं?”

त्यांनी कपाटातून हातोडी काढली आणि पेचकसासकट माझ्या हातात दिली. “ठोका तुमी. माझ्यानं न्हाई व्हायचं. मी धरतो त्याला.” आणि त्यांनी मशीनला दोन्ही हातांनी कवटाळून धरलं, गाल वरच्या पत्र्यावर टेकवला आणि डोळे मिटले. मी पुढच्या जागेवर पेचकस टेकवून हळूहळू ठोकत राहिले. प्रत्येक ठोक्याला सर आतल्या आत दचकत होते आणि पुटपुटत होते, “झालं, झालं, झालंच आता.” एम-सीलचा खडा निघाला. पेनड्राईव्ह लागला. पुस्तक त्यात उतरलं. स्कूटीवरून हिंगोलीपर्यंत मी कशी गेले ते आठवत नाही. प्रेसवाल्यानं पावतीपुस्तकांचा कागद मशीनला लावायला घेतला होता, तो त्याला परत काढायला लावला.

गणपती बसायच्या आत पुस्तकं आली. मी पहिलीच्या वर्गात वाटली. चित्रं बघून एकच गलका झाला. शीतलनं पुस्तक उघडलं, बराच वेळ एका पानावर थांबली, मग भाकरीच्या चित्रावर बोट ठेवून मोठ्यानं म्हणाली, “बाटी.” बोट खाली सरकलं. अडखळली. मग म्हणाली, “भाकरी.” आणि माझ्याकडे बघितलं, हे आधी का नाही सांगितलं, अशा नजरेनं. त्यानंतर दुपारपर्यंत ती थांबलीच नाही. शेवटी मलाच तिला गप्प बस म्हणावं लागलं.

मी तशीच ऑफिसात गेले आणि मोठ्या सरांना सांगितलं, शीतल बोलली. त्यांनी चष्मा काढला. पंच्यानं पुसला. मग म्हणाले, “म्हंजे जोडी वाया न्हाई गेली म्हणायची.”

शब्द मी गोळा केले होते, चित्रं मी काढली होती, मुंग्या मला चावल्या होत्या, आणि श्रेय गेलं बैलांना. मी मागे फिरले आणि वर्गात आले. आणखी थोडी थांबले असते तर तिथेच रडले असते, आणि मोठ्या सरांनी ते कॉम्प्युटरला नक्की सांगितलं असतं.